सावलीची पाठ

आमच्या दुकानात जिवंत माणसांपेक्षा मेलेली जास्त यायची. कसबा पेठेतल्या एका बोळात फोटोला चौकटी करून देणारं दुकान, तिथं मी अडतीस वर्षं काढली. माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी घरातलं कुणीतरी फोटो घेऊन हजर. तेराव्याच्या आत पाहिजे म्हणायचे. फोटो तरी धड असावा? कधी लग्नाच्या घोळक्यातून डोकं कापून आणलेलं, कधी कुठल्याशा कार्डावरून मोठं केलेलं, कपाळावर शिक्का तसाच. मी आधी विचारायचे, "हार कसला घालणार?" लोकांना राग यायचा, या बाईला दुःखाचं काहीच नाही म्हणून. पण ते विचारावं लागतं. चंदनाचा हार असेल तर साधी कडी चालते. झेंडूचा ओला हार दर अमावास्येला घालणार असाल तर कडी दुहेरी लागते, नाहीतर सहा महिन्यांत आजोबा खाली.

एकदा एक गृहस्थ वडलांचा फोटो घेऊन आले आणि सोबत वडील पण. आईची चौकट करायचीच होती, तर जोडीची एकदम करून ठेवू, चौकटीची पट्टी सारखी मिळेल, असं त्यांचं म्हणणं. म्हातारा स्टुलावर बसला, सगळ्या पट्ट्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाला, "सोनेरी नको. मी काय देव लागून गेलोय?" मग काळी निवडली. जाताना मला म्हणाला, "काच नीट पुसा बाई. पुढं मला बाहेरचं दिसायला पाहिजे." मी पुसली, दोनदा.

असल्या गमती पोतंभर आहेत. पण दिवाळी अंकवाल्या बाई घरी आल्या नि म्हणाल्या, "सिंधूबाई, कामातलं जे विसरला नाहीत ते सांगा." तर जे विसरले नाही ते गमतीचं नाही. ते एका जपानी चित्राचं आहे आणि माझ्या पोटातल्या जळफळाटाचं आहे. शिक्षण माझं चौथी. बोलते तसं सांगते, बाईंनी उतरून घेतलंय.

आमचे हे त्या दुकानात काच कापायचे. एकदा मोठी काच उचलताना मधेच फुटली आणि मनगटात घुसली. हात राहिला, पण बोटं वळायचीच बंद झाली. दोन वर्षं घरी बसून त्यांनी भिंतीकडं बघितलं आणि मग गेले. मालक अण्णा भला माणूस. म्हणाले, "झाडायला ये." मी झाडायला गेले आणि झाडता झाडता काच कापायला शिकले. ज्या काचेनं नवऱ्याचा हात नेला तीच हातात धरायची, पहिले पंधरा दिवस पोटात गोळा यायचा. मग गेला. दोन पोरींना खायला घालायचं असलं की गोळ्याला जागा कुठं राहते.

पोरींच्या आधी एक मुलगा झाला होता. दीड वर्षाचा होऊन गेला. त्याचा फोटो नाही. तेव्हा पोरगं नटवून स्टुडिओत न्यावं लागायचं, आज नेऊ, उद्या नेऊ करत राहिलं. अडतीस वर्षं मी लोकांची माणसं काचेत बसवली, माझं एक बसवायचं राहिलं. रडगाणं म्हणून सांगत नाही. आहे ते आहे.

आता कामाचं थोडं सांगते. चौकटीत चार गोष्टी असतात. पट्टी, काच, चित्र आणि पाठ. पाठ म्हणजे मागची फळी. गिऱ्हाईक पट्टीवरून घासाघीस करतं, काचेवर डाग शोधतं, पाठीकडं कुणी ढुंकून बघत नाही. ती भिंतीला लागलेली असते, तिला ओल धरते, पाली अंडी घालतात. म्हणून अण्णांचा नियम होता, जुनी चौकट दुरुस्तीला आली की पाठ आधी काढायची आणि नवी ठोकायची. विचारायचं पण नाही. आणि काढलेली पाठ, ज्या बाईनं खिळे उपसले तिची. हा आमच्या दुकानातला रिवाज. माझ्या घरी फडताळाचे खण, पिंपावरचं झाकण, पोरींच्या अभ्यासाचा पाट, सगळ्या लोकांच्या आजोबांच्या पाठी आहेत. अडतीस वर्षांत एक माणूस आला नाही, माझी जुनी पाठ कुठाय म्हणून.

विमल आली तेव्हा मी दुकानात पंचवीस वर्षं काढली होती. ती पण नवरा गेलेली, पण दहावी पास. तिला करवत धरायला मी शिकवलं. पट्टीचा कोपरा कसा कापायचा, काचेवर कापायचा हिरा एकदाच कसा ओढायचा, दुसऱ्यांदा ओढलास तर काच वाकडी जाते, हे सगळं मी. दोन वर्षांत ती माझ्याबरोबरीला आली, तिसऱ्या वर्षी पुढे गेली. अण्णा गेले, त्यांचा मुलगा सुहास गल्ल्यावर बसला, आणि त्यानं गिऱ्हाइकाशी बोलायचं काम विमलला दिलं. तिला इंग्रजी चार शब्द येत होते. ड्रेस घालून यायची, केस बांधलेले, हात स्वच्छ. काच कापणाऱ्या बाईचे हात स्वच्छ कसे राहतात ते मला कधी कळलं नाही. माझ्या अंगठ्याला चार ठिकाणी शिवण आहे. तिच्या हातावर ओरखडा नाही.

मी तोंडानं काही म्हणत नव्हते. पण तिनं पुसलेली काच मी उजेडात धरून बघायचे, कुठं धूळ राहिलीय का. राहिलेली नसायची. त्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

माझं म्हणावं असं एकच गिऱ्हाईक उरलं होतं, जपानी बाई. नाव कुमुदताई, पण दुकानात सगळे जपानी बाईच म्हणायचे. तरुणपणी जपानला जाऊन चार वर्षं राहिल्या, परत येऊन जन्मभर इथल्या मुलांना जपानी शिकवलं. लग्न केलं नाही. आता ऐंशीच्या पुढे, डेक्कनच्या बाजूला पहिल्या मजल्यावर एकट्या. वीस वर्षं त्यांचं काही ना काही चौकटीला यायचं आणि येताना चिठ्ठी असायची, सिंधूबाईंनाच द्यावे. ती चिठ्ठी मी विमलच्या समोर टेबलावर जरा वेळ पडू द्यायचे.

आणि एका गुरुवारी सुहासनं फोन ठेवला आणि म्हणाला, "विमलताई, जपानी बाईंकडे जायचंय. मोठं चित्र आहे, घरीच काम करायचंय. तुम्हालाच पाठवा म्हणाल्या."

मी पट्टी घासत होते. घासतच राहिले. सुहास म्हणाला, "मावशी, तुम्ही पण जा बरोबर. सामान धरायला कुणीतरी पाहिजे."

सामान धरायला गेले.

दार उघडल्यावर कुमुदताई माझ्याकडं बघून जरा थांबल्या. म्हणाल्या, "अरे, तुम्ही पण आलात?" मला ते लागलं. मग विमलशी जपानीत काहीतरी बोलल्या आणि विमलनं जपानीत उत्तर दिलं. तेव्हा मला कळलं की दोन वर्षं दर रविवारी विमल त्यांच्याकडं शिकायला जाते. फुकट. मला म्हणाली नव्हती. कशाला म्हणेल. मी वीस वर्षं त्या घरी जात होते, मला बाईंनी चहा दिला, लाडू दिला, साडी पण दिली एकदा. अक्षर कधी शिकवलं नाही. मी मागितलं नव्हतं हे खरं. पण हेवा असली विचारपूस करत नाही.

चित्र आतल्या खोलीत होतं. वीस वर्षांत आतल्या खोलीत मी गेले नव्हते. पांढरं कापड ताणलेलं आणि त्यावर राखी रंगात एका बाईची सावली. बाई नाही, नुसती सावली. मानेवर अंबाडा, खांद्यावरून पदर, एक हात वर, पदराला पिन लावताना असतो तसा. कडा विरलेल्या. मी पहिल्यांदा मागं वळून बघितलं, दारात कुणी उभं आहे का. कुणी नव्हतं.

कुमुदताई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचे त्या चित्रकाराचं आहे. युद्धात त्यांचं गाव जळालं. त्यानंतर त्यांनी माणूस काढलाच नाही, माणसाची सावली तेवढी काढायचे. तेव्हा लोक हसले. आता जगभरातून मागणी आहे."

"आणि ही कोण?" मी विचारलं.

"साडीतली बाई त्या गावात दुसरी कोण असणार?" त्या म्हणाल्या.

मी सावलीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. ऐंशी वर्षांची वाळलेली बाई, पाय सुजलेले, आणि भिंतीवर तिची चोवीस वर्षांची सावली. लाज न बाळगता सांगते, मनात काय आलं ते. काही बायकांची सावलीसुद्धा कुणीतरी धरून ठेवतं, कापडावर ठेवतं, समुद्रापार पाठवतं. काहींची अख्खी पोरं जातात आणि मागं डाग राहत नाही.

मग त्यांनी काम सांगितलं. चित्र विकायचं होतं. शनिवारी दिल्लीच्या एक बाई बघायला येणार होत्या. चौकटीला कीड लागली होती, हात लावला की पिठासारखा भुसा गळायचा. "मागचं पुढचं सगळं नवं करा," कुमुदताई म्हणाल्या. "हे विकलं गेलं तर दिवसरात्रीची बाई ठेवून मी या घरात मरेन. नाही गेलं तर पुतण्यानं वाघोलीला एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. तिथं म्हणे सकाळी सगळ्यांना गोल बसवून हसायला लावतात. मी चाळीस वर्षं वर्ग घेतले, पण कुणाला हसायला लावलं नाही."

विमल पट्ट्यांचे नमुने काढून बसली. मी उंच कडेची, उठावाची पट्टी पुढं केली, मोठ्या चित्राला आम्ही तीच लावतो. विमल म्हणाली, "नको मावशी. उठावाच्या पट्टीची सावली चित्रावर पडेल. सावलीवर सावली. सपाटच पाहिजे." कुमुदताईंनी मान डोलावली. अडतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. हे मी तिला शिकवलं नव्हतं. तिचं तिला सुचलं.

"मागचं तुम्ही काढा मावशी, मी माप घेते," ती म्हणाली.

आम्ही चित्र पालथं घातलं. पातळ फळी, बारा बारीक खिळे. मी पकडीनं एकेक उपसला. फळी उलटी केली तर आत ब्रशनं लिहिलेलं. काळी अक्षरं, उभ्या ओळी, खाली कोपऱ्यात लाल शिक्का. पन्नास-साठ वर्षांत फिकं पडलं नव्हतं. मला जपानी वाचता येत नाही, पण मन लावून लिहिलेलं आणि उरकून लिहिलेलं यातला फरक कुणालाही कळतो. विमलची पाठ माझ्याकडं होती. टेप धरून ती आकडे लिहीत होती. मी नुसतं म्हणायचं होतं, "विमल, इकडं बघ." ओठापर्यंत आलं आणि मी गिळलं. मनात आलं, जपानी येतं ना हिला, मग बघू दे हिचं हिला. उद्या कुणी विचारलं तर होऊ दे फजिती. काम तिच्या नावावर आहे, मी सामान धरायला आलेय.

खिळे मी उपसले, म्हणजे रिवाजानं फळी माझी. वर्तमानपत्रात गुंडाळली, सामानाच्या मोठ्या पिशवीत घातली. कुमुदताई खुर्चीतून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. शुक्रवारी काम झालं. चौकट अशी बसली की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. विमलनं केली होती.

शनिवारी दुपारी दुकानात कुमुदताईंचा फोन आला. सुहासनं स्पीकर लावला, सगळ्यांना ऐकू आलं.

"सुहास, दिल्लीच्या बाई आल्यात. त्यांनी चित्र आधी पालथं केलं. विचारतायत, जुनी पाठ कुठाय? हे चित्रकार पुढं सही करत नसत, काय असेल ते मागच्या फळीवर. नकली फार निघालीत म्हणे. पाठ नसेल तर त्या घेणार नाहीत."

सुहासनं विमलकडं बघितलं.

"मंगळवारपर्यंत त्या पुण्यात आहेत," असं म्हणून कुमुदताईंनी फोन ठेवला.

विमल माझ्याकडं मोरीपाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, ती फळी तुमच्याकडं आहे ना?"

"नाही गं," मी म्हणलं. "तिथंच भिंतीला टेकवून ठेवली होती."

"नक्की?"

"मी कशाला नेऊ. घरी जागा कुठाय."

तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि "बरं" म्हणून गेली. सुहासला म्हणाली, "काम माझ्या नावावर होतं. मी बघायला पाहिजे होतं." सुहास असा ओरडणारा नाही, तो गोड बोलतो, ते वाईट. म्हणाला, "विमलताई, सोमवारपासून गिऱ्हाईक मी बघतो. तुम्ही मागं बसा, पट्ट्या पुसा."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला. खोटं कशाला बोलू. चहा संपेपर्यंत टिकला.

रविवारी घरी मी फळी काढून भिंतीला टेकवली आणि तिच्यासमोर बसले. भात करपला. त्या अक्षरांतलं एक माझ्या ओळखीचं नाही, पण त्यात एका माणसाचा हात होता. दाबला तिथं जाड, उचलला तिथं बारीक. मला सारखं वाटायला लागलं, माझ्या मुलाची अशी एखादी खूण कुणाकडं असती, झबलं म्हणा, वाळा म्हणा, आणि त्या माणसानं ती दुसऱ्या कुणावरच्या रागानं पिशवीत दडपली असती, तर मी त्याचं तोंड बघितलं असतं का?

सोमवारी विमल दुकानात आली तेव्हा तिच्या नखांत काळं होतं. पहिल्यांदा बघितलं मी तिच्या हाताला काळं. मी पिशवी घेऊनच आले होते. म्हणलं, "चल."

"कुठं?"

"जपानी बाईंकडं. फळी माझ्याकडं आहे."

ती करवत खाली ठेवून उभी राहिली. शिव्या देईल असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी काल दोन भंगारवाल्यांचे ढीग उपसलेत, मावशी," एवढंच म्हणाली.

रिक्षात दोघी दोन कडेला. मधे फळी.

कुमुदताईंनी दार उघडलं, पिशवी बघितली आणि कपाळाला आठी घातली. मला वाटलं होतं, आनंद होईल. मी आत जाऊन फळी टेबलावर ठेवली आणि म्हणलं, "ही मी नेली. विमलला ठाऊक नव्हतं. लिहिलेलं मी बघितलं होतं, मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही तिला बोलावलंत, मला नाही, म्हणून."

विमल फळीवर वाकली होती. बोट धरून वरून खाली वाचत होती, पोरं वाचतात तसं. एका अक्षरापाशी बोट थांबलं.

"बाई, हे 'त्सुमा' ना? म्हणजे... बायको?"

"हो."

"पुढं काय आहे?"

"वाच की. दोन वर्षं शिकवतेय ना?"

विमल अडखळत म्हणाली, "बायको... भाडेकरूची... साडी..."

"'बायको, भाडेकरूची साडी नेसून,'" कुमुदताई म्हणाल्या. "चित्राचं नाव आहे ते. खाली त्यांचं नाव आणि शिक्का. आता बसा दोघी."

आम्ही बसलो.

"त्यांची बायको गरीब होती, अबोल. माझी साडी नेसून बघायची तिला हौस. मी नेसवली. निऱ्या मी घातल्या, अंबाडा मी घातला. त्यांनी दिवा खाली ठेवला, तिला भिंतीपुढं उभी केली. मी आपली पदर सारखा करतेय. तर म्हणाले, जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय." त्यांनी खुर्चीतच जरा अंग सरकवलं. "मी बाजूला झाले."

विमल खाली बघत होती. मी पण.

"निघताना तिनंच मला हे चित्र द्यायला लावलं. तुझी साडी आहे म्हणाली. इथं आल्यावर पहिल्या माणसानं विचारलं, ही तुम्ही का? मी हो म्हणाले नाही, पण नाही पण म्हणाले नाही. एकदा नाही म्हणायचं राहिलं की राहतंच. ती वारली तेव्हा पत्र आलं, तेव्हाही लोकांना मीच होते ही. पन्नासच्या वर वर्षं एका मेलेल्या बाईच्या सावलीवर बसलेय मी, सिंधूबाई. तुम्ही चार दिवस फळी ठेवलीत, त्याचं मला काय सांगता?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून टोचतं.

"तुमच्या दुकानात पाठ न विचारता बदलतात हे मला माहीत होतं. म्हणून तर तुमचं दुकान. वाटलं, परस्पर जाईल ती फळी आणि मी सुटेन. पुढं दिल्लीवाली ती मागेल हे डोक्यातच आलं नाही. आणि विमलला अशासाठी बोलावलं की ती नियमानं चालते, काढलेली फळी वाचत बसत नाही. तुम्ही आला असतात तर लिहिलेलं दिसल्याबरोबर म्हणाला असतात, बाई, हे ठेवायचं का? वीस वर्षं मी बघतेय, एक खिळा पण तुम्ही विचारल्याशिवाय टाकत नाही. गुरुवारी तुम्हाला दारात बघितलं तेव्हा मी घाबरलेच. म्हणलं, संपलं, आता या विचारणार." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही विचारलं नाहीत."

ज्या गोष्टीपायी मी जळले, ती माझ्यावरच्या भरवशानं झाली होती. आणि तो भरवसा मी त्याच दिवशी, त्याच खोलीत, बारा खिळ्यांबरोबर उपसून काढला होता.

विमल म्हणाली, "बाई, मग आता काय करायचं?"

"करायचं काय. वाघोलीला जाऊन टाळ्या वाजवायच्या की खरं सांगायचं, एवढंच आहे." त्यांनी फळीवर हात ठेवला. "दिल्लीवालीला फोन लाव. सांग, सापडली. आणि सुहासला मी सांगते, चूक माझी होती. या पोरीला मी दोन दिवस बोल लावू दिला, मला तोंड उघडता आलं असतं."

"सुहासला मी सांगेन," मी म्हणलं. आणि सांगितलं. दुकानात, सगळ्यांसमोर. त्यानं ऐकून घेतलं, विमलला परत पुढं गिऱ्हाइकांत बसवलं आणि मला म्हणाला, "मावशी, आता घरी आराम करा. पुष्कळ केलंत." गोड बोलतो म्हणून सांगितलं ना. मी म्हणलं, "एक काम उरलंय, ते करून थांबते."

मंगळवारी दिल्लीच्या बाई आल्या. मला वाटलं होतं बायकोचं कळल्यावर किंमत उतरेल. उलट झालं. त्यांनी फळीचे फोटो काढून कुठं कुठं पाठवले, तासभर थांबल्या आणि म्हणाल्या, याच चित्राची नोंद जपानात आहे, ते हरवलंय असं सगळे समजत होते. घेतलं त्यांनी. कुमुदताई शांत बसल्या होत्या. कुणी विचारायच्या आत त्यांना म्हणाल्या, "ती मी नाही हं. मी बाजूला होते."

मग त्या बाई आमच्याकडं वळून म्हणाल्या, पाठ होती तशी परत लावायची, खिळे पण तेच.

नवी फळी विमलनं काढली. जुनी मी बसवली. खिळे मी घरी डबीत ठेवले होते, वाकलेले हातोडीनं सरळ करून आणले होते. विमल माझ्याशी बोलत नव्हती, पुढं महिनाभर बोलली नाही, आणि बोलायला नकोच होतं. पण ती समोर बसली आणि एकेक खिळा माझ्या हातात देत गेली. जुन्या भोकात जुना खिळा बसवणं अवघड असतं. जोर लावला तर फळी चिरते, नाही लावला तर धरत नाही. माझ्या हाताला ते येतं. तिच्या नाही येत अजून. हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती देत होती आणि मी ठोकत होते.

अडतीस वर्षांत मी किती पाठी काढल्या त्याची गणती नाही. परत लावलेली ही एकच. अकरा खिळे झाले, बारावा देताना तिचा हात क्षणभर माझ्या हातावर आला. नखांतलं काळं गेलं होतं. मी खिळा ठोकला आणि मनात आलंच, किती स्वच्छ हात आहेत हिचे.